चवळीखाऊ

सेगू शहराच्या रस्त्यावरच्या तपासणी नाक्यावर हवालदार झुमाना डिआराला हसताना कुणी पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही त्याने सगळ्यांची ओळखपत्रं गोळा केली आणि बसच्या टपावरची गाठोडी झडतीसाठी उतरवायला लावली. तेवढ्यात एक म्हातारी त्याच्या छातीवरची नावाची पट्टी वाचत पुढे आली.

"अगंबाई, डिआरा! म्हणजे आमचे चवळीखाऊ! सकाळपासून किती पातेली चाटलीस रे?"

झुमाना चपापला. "आजी, तुम्ही त्राओरे की काय?"

डिआरांची टर त्राओरेंनी उडवायची आणि डिआरांनी रागवायचं नाही, ही तिथल्या या दोन घराण्यांमधली पिढीजात रीत.

"मग! तुझा खापरपणजा आमच्याच चवळीवर पोसलाय. आता माझ्या नातवाचं बारसं चुकलं ना, तर तुझ्याच दारात येऊन बसेन."

झुमाना आधी गालात हसला, मग पोट धरधरून. "माझ्या वाटची चवळी ठेवा हं," म्हणत त्याने गाठोडी न उघडताच स्वतः टपावर चढवली. ओळखपत्रं परत देताना त्याने म्हातारीचं नाव सहज वाचलं. डिआरा!

 

"तुझ्याच घराण्यातली आत्या आहे रे मी," ती खिडकीतून म्हणाली. "पण आत्या म्हणून आले असते, तर अदबीने माझंच गाठोडं आधी उघडलं असतंस."