परवान्याच्या अटी

वायट नावाचा आपला नातू लहान आहे, गावात गांजाचं दुकान नकोच, म्हणून अमेरिकेत, गांजाविक्री कायदेशीर असलेल्या मिशिगनमधल्या एका गावच्या नगरसेविका जेराल्डिनबाईंनी जंग जंग पछाडलं. बंदीचा ठराव एका मताने पडला, तेव्हा त्यांनी परवान्याला अटी चिकटवल्या. दारात पहारेकरी, चहूकडे कॅमेरे, रात्रभर लख्ख उजेड, आणि दारापुढे कुणी रेंगाळायचं नाही.

"आता काढा म्हणावं दुकान!" त्या भर सभेत म्हणाल्या.

दुकानदाराने सगळं निमूटपणे केलं आणि दुकान थाटलं. महिन्याभराने बाईंना लेकीचा फोन आला.



"आई, वायटला त्या दुकानाला लागून असलेल्या पाळणाघरात घातलंय. अगं, अख्ख्या गावात एवढी राखणीतली जागा दुसरी आहे कुठे?"