पुतळ्यांची माळ

१९६८ साली मी नवी नवरी असताना सासूबाईंची पुतळ्यांची माळ हरवली. सकाळी दारावर तितर विकायला आलेल्या रायमल पारध्याला गड्यांनी ओट्याच्या खांबाला बांधलं आणि काठ्यांनी झोडपलं.

"चोराचीच जात ती! माराबिगर बोलायची न्हाई," सासूबाई ओरडत होत्या.

दुपारी माळ मिशा फुटलेल्या धाकट्या भाऊजींच्या ट्रंकेत सापडली. सासूबाईंनी पदरानं त्यांचा घाम पुसला. "लेकरू हाय. चुकलं."

रायमलचा दोर सोडत मी विचारलं, "मग ह्येंची जात कंची, आत्याबाई?"

मला वर्षभर माहेरी धाडलं. रायमल जन्मभर लंगडला. भाऊजी सरपंच झाले. सासूबाई मरेपर्यंत पारधी दिसला की गळ्यातली माळ चाचपायच्या. भाऊजी शेजारीच बसलेले असायचे.