उन्हात धरलेली लडी

हे लिहिणारच नव्हतो, पण हसू काय थांबंना.

शहागंजात कमरुन्निसा आपांच्या दुकानात मी भरतकामाचे दोरे निवडत होतो. तेवढ्यात आमच्या जिमचा इम्रान आत आला. मी भरतकाम करतो हे जिममध्ये कळलं असतं तर पोरांनी मला जगू दिलं नसतं. म्हणून मीच आधी बोललो, "ताईनं मागवलेत."

"मला बी अम्मीनं मणी आणायला धाडलं," तो म्हणला.

ट्यूबलाइटखाली दोऱ्याचा खरा रंग कळत नाय, म्हणून मोरपंखी लडी घेऊन मी बाहेर उन्हात गेलो. बघतो तर इम्रान बी तळहातावर मणी घेऊन शेजारी उभा!

आपा आतून ओरडल्या, "मागवणाऱ्या घरी बसल्या, आणि रंग तुम्ही जुळवताय व्हय?"



मग इम्रान हळूच म्हणला, "यार, अम्मीचे मणी कापडावर लई सैल बसतात. तुझ्या ताईला जमतात का?"

"एकदम घट्ट."

"पण ताई तर लग्न होऊन लासूरला गेली ना?"

"व्हय. तू रविवारी घरी ये. अम्मीला राहू दे, सुई तेवढी आण. शिकवतो तुला."