चाळीस हिरवी रोपं

डोंगरीच्या टेकडीवर संघप्रियाच्या वर्गाने चाळीस रोपं लावली होती. दर महिन्याला प्रत्येक रोपाचा फोटो ब्लॉकचेनवर, म्हणजे कायमच्या डिजिटल नोंदवहीत चढवायचा. एकदा चढला की देवालाही पुसता येत नाही. फोटोत रोपं सुकलेली दिसली, तर रोपं देणारी संस्था पाण्याचा टँकर पाठवणार होती.

एप्रिलमध्ये रोपांनी माना टाकल्या. वर्गाचं नाक कापलं जाऊ नये म्हणून संघप्रियाने अजून हिरव्या असलेल्या एकाच रोपाचे चाळीस फोटो काढून चढवले.

"येडी झालीयेस काय गं?" तिची वर्गमैत्रीण स्नेहल खेकसली. "सगळं हिरवंगार दाखवलंस, आता पाणी कोण पाठवणार?"

संघप्रियाला रडूच फुटलं. तिने धावत जाऊन सुकलेल्या रोपांचे खरे फोटो चढवले आणि टँकर मागितला.


दोन मिनिटांत उत्तर आलं: "नोंदीनुसार रोपं ठणठणीत आहेत. नवे फोटो जुळत नसल्याने खोटे ठरवले आहेत."