शाब्बासकीचा सराव

पाच वाजता खंड्याचा पहिला क्लास होता आणि तात्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. उकडलेल्या चिकनचे तुकडे डबीत घेऊन ते घरभर येरझाऱ्या घालत होते. शिकवणाऱ्या बाईंनी फोनवर बजावलं होतं, "ओरडायचं नाही. कुत्र्यानं ऐकलं, की गोड आवाजात शाब्बास म्हणून खाऊ द्या."

खंड्या बसला. "शाब्बास!" तात्यांचा मास्तरी आवाज असा कडाडला, की खंड्यानं कॉटखाली धूम ठोकली.

"आधी माझ्यावर करून बघा," म्हणत त्यांचा चाळिशीचा मुलगा हसत फरशीवर बसला.

दहावीला तो शाळेत पहिला आला, तेव्हाही तात्यांनी हा शब्द म्हटला नव्हता. ते त्याच्यासमोर वाकले.

"शाब्बास... बाळा."

खंड्या हळूच बाहेर येऊन मुलाला खेटून बसला. पाच वाजून गेले, तरी निघायची आठवण कुणालाच झाली नाही.