छप्पर वाळलंय

खलनायकाच्या भयातूनच वीर घडतात, असं मोतीरामचं ठाम मत होतं. त्याच्या खलनायकाला या क्षणी कडुबा करमाडजवळ प्लॉट विकत होता.

"काळभुजंग साहेब, रोड टच आहे," कडुबानं ग्रुपवर लिहिलं. "आठ हातांनी आठ सह्या करा, विषय संपवा."

दर रविवारी चार वाजता हा ऑनलाइन खेळ चाले. प्रत्येकानं एक वीर व्हायचं, वीरानं काय केलं ते लिहायचं. जग आणि त्यातला राक्षस मोतीरामनं चालवायचा. एरवी तो शेंद्र्याच्या कारखान्यात बेअरिंगं तपासायचा. तिथं त्याला सगळे घाबरत.

"मोतीभाऊ, तुमच्या राक्षसापेक्षा आमचा बोकड डेंजर आहे," मल्हारनं लिहिलं. मल्हारच्या घरी खरोखरच बोकड होता.

"पुढच्या रविवारी शेवटचं बघू," मुक्तानं लिहिलं. "नायतर लुडो."

लुडो हा शब्द मोतीरामच्या जिव्हारी लागला. दोन वर्षं खपून त्यानं ते जग उभं केलं होतं, नद्यांना नावंसुद्धा दिली होती. त्या संध्याकाळी तो कागद घेऊन बसला आणि काळभुजंगाला आणखी दोन शिंगं काढू लागला.

त्याची आई, गोजरबाई, समोर मेथी निवडत होती. "शिंगं कशाला?" ती म्हणाली. "शिंगाचं जनावर लांबूनच दिसतं. माणूस बाजूला होतंय."

"मग कशानं भीती वाटते?"

"आमच्या गावच्या आप्पासाहेबाला कुठं शिंगं होती?" तिनं एक काडी बाजूला टाकली. "नामांतराचे मोर्चे चालले होते. तुझा बाप जायचा. तर आप्पासाहेब आला दारात. हातात काठी नाय, तोंडात शिवी नाय. म्हणला, 'सखाराम, उन्हाचं चालतोस, डोक्याला रुमाल बांधत जा. बायको घरी एकली असती. आन् यंदा छप्पर लई वाळलंय बरं का.'"

"मग?"

कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि गोजरबाई उठून आत गेली. मोतीरामला तेवढं पुरेसं होतं. त्यानं शिंगं खोडली.

पुढच्या रविवारी काळभुजंग आलाच नाही. धोतर नेसलेला, आप्पासाहेब नावाचा एक माणूस वीरांच्या दारात आला. त्यानं चपला बाहेर काढल्या.

"मल्हारराव, मेंढरं एकटीच चरतात जी माळावर," तो म्हणाला. "पोरगं लहान आहे ना राखणीला?"

मल्हारनं बोकडाचा विषय काढला नाही.

"मुक्ताताई, शिकवणीहून घरी जाता त्या गल्लीतला दिवा बंद असतो. मी सांगतो कुणाला तरी."

मुक्ताच्या वीरानं दाराला आतून कडी लावली. मग मल्हारच्या वीरानं तलवार म्यान केली. कडुबानं नम्रपणे विचारलं, "आप्पासाहेब, आपला वाढदिवस कधी असतो? चौकात फ्लेक्स लावतो. खाली आमचे तिघांचे फोटो."

मोतीरामला इतकं बरं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. त्यानं आईला सगळं वाचून दाखवलं.

गोजरबाईनं शांतपणे ऐकलं. "मला पण घे त्यात," ती म्हणाली.

"तू कोण होणार?"

"गोजरबाई."

नाइलाजानं आप्पासाहेब तिच्याही दारात गेले. "गोजरबाई," मोतीरामनं लिहिलं, "छप्पर वाळलंय बरं का."

गोजरबाईनं फोन तोंडाजवळ धरला आणि आवाज पाठवला. "या आप्पासाहेब. बसा. दारातून कोरडं जाऊ नका. चहा टाकलाय, आमच्या कपात घ्या."

मोतीरामचा अंगठा थांबला. त्या माणसाला या घरचं पाणीसुद्धा चालत नव्हतं. एका शब्दात चहा पाजता आला असता. पण चहा प्यायला असता, तर तो आप्पासाहेब उरला नसता. बेअरिंग तपासणाऱ्याला असली तडजोड जमत नाही.

"आप्पासाहेबांनी कपाकडे पाहिलं," त्यानं लिहिलं. "ते उठले. चपला घालून निघून गेले."

ग्रुपवर फटाके फुटले. मल्हारची तलवार पुन्हा बाहेर आली. कडुबानं फ्लेक्स रद्द केला. दोन वर्षांची मेहनत एका कपानं हरवली, म्हणून मोतीराम तेवढा तोंड पाडून बसला.

"मावशी, हे खरंच झालं होतं?" मुक्तानं विचारलं. "मग तो परत नाय ना आला?"

मोतीरामनं प्रश्न वाचून दाखवला.

"आला की," गोजरबाई म्हणाली. "त्याच रात्री. माणसं आन् रॉकेल घेऊन. घर गेलं. सकाळी आम्ही चिकलठाण्याला आलो."

चिकलठाण्याला कारखाने निघाले म्हणून बाप शहरात आला, एवढंच मोतीरामला आजवर माहीत होतं. शाळेच्या निबंधातही त्यानं तसंच लिहिलं होतं. गुण चांगले पडले होते.

"एवढं होणार, हे तुला चहा विचारताना ठाऊक होतं?"

"व्हय. सांगितलं होतं ना त्यानं."

त्यानं सगळं जसंच्या तसं ग्रुपवर लिहिलं. फटाके थांबले. दोन वर्षांत पहिल्यांदा मोतीरामच्या खलनायकाला सगळे खरोखर घाबरले होते, आणि मोतीरामही.

मग कडुबाचा निरोप आला. "पुढच्या रविवारी चारलाच ना?"

लगेच मल्हार. लगेच मुक्ता. "चारलाच."

"काय म्हणतेत?" गोजरबाईनं विचारलं.

"परत येतो म्हणतात. लढायला."

"येऊ दे," ती म्हणाली. "दूध आण मग. संपलंय."