मनुबाई डॉट कॉम

“साठ हजार? नुसत्या नावाचे?” मिरच्यांची देठं खुडता खुडता मनुबाईनं मान वर केली.

“हां आये,” जगन म्हणाला. त्याच्या हातात मुंबईच्या एका कंपनीचं इंग्रजी पत्र होतं. “इंटरनेटवर ‘मनुबाई डॉट कॉम’ असं नाव आहे, त्याचे मागतायत. आपला मसाला आता दुबईपर्यंत जातो ना, म्हणून आपल्याला लिहिलंय.”

“माझं नाव दुसऱ्याकडे गेलंच कसं?”

जगन थोडा घुटमळला. “मालननं घेतलं असणार. दुसरं कोण?”

मालन म्हणजे मनुबाईच्या भावाची मुलगी. शहाडला राहायची, कल्याणच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायची. दोन वर्षांपूर्वी, सत्त्याण्णव साली, ती डोंबिवलीला दुकानात धावत आलेली. “आत्या, चार हजार दे. तुझं नाव नोंदवून ठेवते, नंतर मिळायचं नाही.” दुकानात तेव्हा गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोरच मनुबाई कडाडली होती, “हवेतल्या नावाचे पैसे मागतेस? लुबाडायला आत्याच सापडली तुला?” मालन तशीच निघून गेली. त्यानंतर ती आलीच नाही.

“स्वतः समोर यायची हिंमत नाही,” जगन म्हणाला, “म्हणून कंपनीला पुढं केलंय.”

दुसऱ्या दिवशी दोघं ठाण्याला गेली. कोर्टाच्या मागच्या गल्लीत सुधीरचं कॉम्प्युटरचं ऑफिस होतं. मसाल्याच्या पुड्यांवरची अक्षरं त्यानंच जुळवून दिली होती. जगननं त्याला तोंडी सगळं सांगितलं. सुधीरनं फोनची तार मशीनला जोडली. बराच वेळ किरकिर झाली, मग पडदा उजळला.

“इथं बघा मावशी. आत काहीच नाही, पण नाव घेतलेलं आहे. कुंपण घातलेला रिकामा प्लॉट समजा.” त्यानं एकेका अक्षराखाली बोट फिरवलं. “हे म, हे नु, हे बाई.”

मनुबाई पुढे वाकली. अक्षरं तिला वाचता येत नव्हती, पण ती तिचीच होती.

“असं जगात दुसरं?”

“एकच. अमेरिकेत कुणी मनुबाई असली, तरी तिला हे मिळणार नाही. आणि तिथल्या माणसानं हे नाव टाईप केलं, तर तो इथंच येणार.”

“तिथून? समुद्रापल्याडून?”

“हो.”

देवळात शिरावं तसा तिनं नकळत पदर डोक्यावर ओढला.

“मालक कोण आहे ते बघू का?” सुधीरनं विचारलं. “नोंद सापडते.”

“नको. कोण ते ठाऊक आहे मला. तू फक्त सांग, घेऊ का?”

सुधीरनं खुर्ची मागे सरकवली. “खरं सांगू? मी नसतं घेतलं. तुमचं गिऱ्हाईक दुकानात येतं, इथं नाही. अजून दहा वर्षं तरी येणार नाही. साठ हजारात दुसरा गाळा भाड्यानं घ्या.”

सल्ला पटण्यासारखा होता. जगनला तर लगेच पटला.

मनुबाईनं तीन दिवस काही ठरवलं नाही. मसाला भाजताना, पुड्या बांधताना तिच्या डोळ्यांपुढे तो उजळलेला पडदा येई. खाडीतली होडी नवऱ्याच्या, नाथाच्या नावावर होती, नाथा गेल्यावर ती जगनच्या नावावर झाली. घर अजून सासऱ्याच्या नावावर होतं, दुकानाचा परवाना जगनच्या. पुड्यांवर तेवढं ‘मनुबाई’ छापलेलं, पण गेल्याच महिन्यात कल्याणच्या बाजारात कुणीतरी तेच नाव छापून भलताच मसाला विकायला काढला होता. तीस वर्षं हाताची आग करून घेतली आणि साऱ्या जगात तिच्या नावावर एक वीतभर जागा नव्हती.

चौथ्या दिवशी तिनं सोनाराकडे जाऊन पाटल्या मोडल्या.

“आये, येडी झालीस काय?” जगन ओरडला. “त्यापेक्षा शहाडला जाऊ, मालनला चार शिव्या घालू.”

“शिव्या मागच्या वेळी घातल्या. या वेळी पैसे देते.” पैशांची पिशवी तिनं कमरेला घट्ट खोचली. “पोरगी खरं बोलत होती रे. मीच ऐकलं नाही. तिनं घेतलं नसतं, तर दुसऱ्या कुणी घेतलं असतं. चल.”

सुधीरनं तिचे मोकळे हात पाहिले आणि काय ते ओळखलं. वाद न घालता तो म्हणाला, “पत्र द्या. त्याला उत्तर लिहून देतो.”

जगननं खिशातून घडी काढून दिली. सुधीरनं पत्र वाचलं. मग खिडकीशी नेऊन पुन्हा वाचलं.

“जगन, हे तू वाचलेलंस?”

“वाचलं ना. सिक्स्टी थाउजंड लिहिलंय, मनुबाई डॉट कॉमसाठी.”

“लिहिलंय. पण ते मागत नाहीयेत, देतायत. त्यांनाच हे नाव विकत हवंय.”

मनुबाईला अर्थ लागायला वेळ लागला. “मग मालनला लिहायचं. मला का लिहिलं?”

सुधीर मशीनकडे वळला. त्यानं तार जोडली, नोंद उघडली आणि पडद्यावर बोट ठेवून सावकाश वाचू लागला. “पैसे भरणारी… मालन, शहाड.” बोट दोन ओळी वर सरकलं आणि तिथंच थांबलं.

“मालक… मनुबाई नाथा कोळी.”